आण्णांचा पहिला तारा

“आण्णा, तुमचा तारा पळून चाललाय,” नसीमभाभी म्हणाल्या.

आम्ही सगळे भिंतीकडे बघायला लागलो. शैलाताईंनी हॉलच्या एका भिंतीवर पांढऱ्या फ्लॅनेलची चादर ताणून बसवली होती. शिवलेला चौकोन तिच्यावर नुसता दाबला, की टाचणीशिवाय चिकटून राहायचा. असं का होतं ते मी पहिल्याच दिवशी शोधून काढलं होतं आणि सगळ्यांना समजावूनही सांगितलं होतं: दोन्ही कापडांवरची लव एकमेकींत अडकते. त्यावर भाभी म्हणाल्या होत्या, “बरं झालं सांगितलंस. मी गोंदाची बाटली शोधत होते.”

आत्ता चादरीवर चार तारे होते. शैलाताईंचा, माझा, भाभींचा आणि आण्णांचा. पहिले तीन आपापल्या चौकोनात शहाण्यासारखे बसले होते. आण्णांच्या ताऱ्याची टोकं मात्र सगळी मिळून डावीकडं झुकली होती, आणि दोन टोकं तर शिवणीत गडप झाली होती. वाऱ्यात उलटू पाहणाऱ्या छत्रीसारखा तो दिसत होता.

“पळू दे की,” आण्णा म्हणाले. “तरणा आहे अजून.”

मी पट्टी घेऊन उठले. “एका बाजूला अर्धा इंच कमी भरतोय, आण्णा. आणि हा कोपरा काटकोनात नाही. पंच्याऐंशी अंश असेल.”

“असेल म्हणजे? मोजला नाहीस?”

“कोनमापक घरी आहे.”

“उद्या घेऊन ये,” ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. “काम पक्कं पाहिजे.”

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच इचलकरंजीला घरी आले होते. पुढच्या प्रवेशाचा निकाल लागायचा होता. तोवर मी दिवसभर पंख्याकडे बघत विचार करायची, आणि ते आईला बघवत नव्हतं. मी विचारच करतेय याचीही तिला खात्री नसावी. “शैलाताई आवटींकडे जा,” ती म्हणाली. “नव्या पद्धतीच्या गोधड्या शिकवतात, मशीनवर. निदान हात तरी हलतील.”

शैलाताई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशी बायकांचे व्हिडिओ बघून हे काम शिकून घेतलं आणि हॉलमध्ये दोन मशीन टाकून वर्ग सुरू केला. त्यांच्याकडे कात्रीला जवळजवळ बंदीच होती. टेबलावर चौकटी आखलेली हिरवी मॅट, तिच्यावर कापड, कापडावर जाड पारदर्शक पट्टी, आणि पट्टीला चिकटून फिरवायचा गोल पात्याचा कटर. एका झटक्यात चार थर लोण्यासारखे कापले जायचे. मग ते तुकडे जोडायचे, इस्त्री करायचे, पुन्हा कापायचे, पुन्हा जोडायचे. शिवण पाव इंचाची. ना रेसभर कमी, ना रेसभर जास्त. मला तर हे सगळं भूमितीचं प्रात्यक्षिकच वाटलं आणि मी पहिल्या दिवशीच खूश झाले.

त्या पाव इंचावरून रोज भांडण व्हायचं. नसीमभाभी ब्लाउज शिवायच्या. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ. पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून आत कापड राखायची त्यांच्या हाताला सवय, त्यामुळे त्यांचे चौकोन नेहमी लहान भरायचे.

“भाभी, किती कापड आत घेताय?”

“राहू दे गं. पुढं गिऱ्हाईक जाड झालं तर?”

“गोधडी जाड होत नाही.”

“लग्नानंतर सगळंच जाड होतं,” भाभी म्हणायच्या.

आण्णांचं उलटं. ते अगदी कडेवरून शिवायचे, कारण कापड वाया घालवायचं नाही हे त्यांच्या रक्तात होतं. मग इस्त्री फिरवली की त्यांची शिवण तोंड उघडायची.

आण्णा म्हणजे जयपाल मगदूम. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचा यंत्रमागांचा कारखाना होता. गावातले लोक त्यांना मान द्यायचे, चहाच्या टपरीवर मागवाल्यांचा जो अड्डा भरायचा त्यात ते मधोमध बसायचे. आणि हे गृहस्थ रोज सकाळी खांद्याला जांभळी योगाची चटई लटकवून शैलाताईंच्या दारात हजर. चटई उलगडली की आतून कापडाचे तुकडे निघायचे.

“घरी काय सांगितलंय?” मी एकदा विचारलं.

“योगाला जातो म्हणून. कालच आमच्या मंडळी म्हणाल्या, पोट उतरलंय तुमचं.”

भाभी इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं रीळ पलंगाखाली गेलं.

“पण लपवायचं कशाला?” मी विचारलं. “श्रुतिकाच्या रुखवतात ठेवायचीय ना गोधडी? मग घरी कळणारच.”

श्रुतिका त्यांची मुलगी. पुण्यात एका आर्किटेक्टकडे कामाला होती, लग्न ठरल्यावर घरी आली होती. नाशिकचं स्थळ. लग्नाच्या मांडवात मुलीकडच्यांनी मांडायच्या हौशीच्या वस्तू घरीच करायच्या असा जुना रिवाज, पण सुवर्णाकाकू, म्हणजे आण्णांच्या पत्नी, सुताची एजन्सी सांभाळायच्या. त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं की आता सगळं रुखवत तयार मिळतं, फोन केला की हॉलवर येऊन मांडून जातात.

आण्णांनी इस्त्री उभी केली.

“माझा कारखाना तू बघितलायस. दिवसरात्र खडखड. इतकी वर्षं कापड काढलं. पण आमचं कापड म्हणजे ग्रे. कोरं, मळकट. तागे ट्रकात चढले की आमचा संबंध संपला. पुढं कुठं रंगतं, कुणाचा शर्ट होतो का फरशी पुसायचं फडकं, काय कळत नाही. एवढं कापड काढून मी एकदाही बघितलं नाही कुणाच्या अंगावर गेलं ते. म्हटलं एक तरी तुकडा कुठं गेला ते माहीत पाहिजे.”

“मग अभिमानानं सांगा की तिला!”

“तीच तर गोची आहे. लहानपणी तिच्या वेण्या मी घालायचो. सकाळी हिची गडबड. वाकड्यातिकड्याच व्हायच्या, पण पोरगी आरशात बघून म्हणायची, ‘आण्णा, मस्त झाल्या.’ आणि शाळेच्या गेटात गेली की मैत्रिणीकडून सोडून पुन्हा घालून घ्यायची. मला वर्षभरानं कळलं. मैत्रिणीच्या आईनं सांगितलं.” ते हसले. “मी शिवलीय म्हटलं की ही छानच म्हणणार. मला खरं ऐकायचंय. कुणी केलीय ते तिला कळता कामा नये.”

मी तर टुणकन उभीच राहिले. “आण्णा, नवीन औषध तपासताना असंच करतात! ज्याला द्यायचं त्याला कळू देत नाहीत खरं औषध कुठलं. नाहीतर मनानंच बरं वाटतं.”

“म्हणजे बरोबर चाललंय माझं.”

“एकदम शास्त्रीय.”

“आणि टपरीवर कळलं तर काय होईल ते शास्त्र मला माहीत आहे,” आण्णा म्हणाले. “मरेपर्यंत मला गोधडीवाली मावशी म्हणतील.”

आम्ही तिघींनी आपापले तारे काढून घेतले आणि भिंत आण्णांना दिली. त्यांचे तारे वाढत गेले. आण्णांचा हात बसला. कडेवरून शिवायची सवय गेली, टोकं टोकांना भिडायला लागली. रंग ते फार सुंदर निवडायचे. कावेसारखा तांबडा आणि त्याशेजारी फिका राखाडी, असलं काहीतरी, जे मला सुचलंच नसतं. दुसरा, तिसरा, चौथा असे एकाहून एक सरस तारे भिंतीवर चढले. फक्त तो पहिला, पळणारा तारा कोपऱ्यात तसाच होता.

“तो एक बदलू या,” मी दर दोन दिवसांनी म्हणायची.

“नको. पहिला आहे तो,” आण्णा म्हणायचे. शैलाताईंचं धोरण असं होतं की ज्याची गोधडी त्याचा कारभार.

मागच्या बाजूला लावायला आण्णांनी स्वतःच्या मागावरचं कापड आणलं. कोरं कापड धुतलं की आटतं, म्हणून मी त्याचा एक तुकडा कापून, मोजून, धुऊन, पुन्हा मोजला. लांबीत जास्त आटलं, रुंदीत कमी. आण्णांना याचं इतकं नवल वाटलं की त्यांनी तो तुकडा माझ्याकडून आणखी एकदा धुऊन घेतला. मग सगळंच कापड धुतलं, वाळवलं, आणि ते मॅटवर पसरून त्यांनी दोन्ही बाजूंचे काठ कटरनं अलगद उतरवले.

“काठ चांगला घट्ट असतो, राहू द्या ना,” मी म्हणाले.

“हे बघ.” त्यांनी काठाची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली. पांढऱ्या सुतात दोन निळे धागे शेजारी शेजारी गेले होते. “ही आमच्या कारखान्याची खूण. माझ्या वडिलांपासूनची. घरातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. टाक ते.”

मी त्या पट्ट्या चिंध्यांच्या टोपलीत टाकल्या.

आणि मग एके दिवशी दाराची बेल वाजली.

“शैलाताई आहेत का? मी मगदुमांची श्रुतिका.”

आण्णा मशीनवरून उठले ते थेट स्वयंपाकघरात. खऱ्या योगानंही एवढी चपळाई आली नसती. शैलाताई दार उघडेपर्यंत माझ्या लक्षात आलं की जांभळी चटई हॉलच्या मधोमध पसरलेली आहे. मी भाभींकडे बघितलं. भाभींनी पदर खोचला, चटईवर मांडी घालून बसल्या, डोळे मिटले आणि मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लागल्या.

श्रुतिका आत आली. उंच, चष्मा, हातात लग्नाच्या खरेदीची पिशवी. भाभींकडे बघून ती थबकली.

“इथं योगापण असतो?”

“कंबर धरते माझी,” भाभी डोळे न उघडता म्हणाल्या. “मशीनवर बसून बसून.”

“आमचे आण्णापण जातात योगाला. कुठं जातात कोण जाणे.” ती शैलाताईंकडे वळली. “काकू, आईनं पाठवलंय. रुखवताचं सगळं पॅकेज ठरवलंय, पण ते बघून मला हसू यायला लागलं. साखरेचा बंगला, नारळाचे नवरा-नवरी. म्हटलं एखादी तरी वापरायची वस्तू असावी. तुमच्याकडे विकत मिळेल का एखादी...”

तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

ती पिशवी खाली ठेवून भिंतीपाशी गेली. हात मागे बांधून एकेक तारा बघत राहिली. प्रदर्शनात चित्रं बघतात तशी.

“ही कुणाची?”

“ऑर्डरची आहे,” शैलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. इतकी वर्षं शाळेत काढली की येतं ते.

“काय रंग लावलेत! ज्यांनी केलीय त्यांना डोळा आहे.” तिनं तांबड्या ताऱ्यावर बोट टेकवलं. “मला हीच पाहिजे. अशी नाही, हीच.”

आण्णा स्वयंपाकघराच्या दाराला कान लावून उभे असणार. मला तिथंच थांबायला हवं होतं, पण मी प्रयोगशाळेत वाढलेली. चाचणी अर्धवट कशी सोडायची?

“आणि न आवडलेलं काही?” मी विचारलं. “अगदी खरं सांगायचं.”

“खरं सांगू?” ती कोपऱ्यात वाकली. “हा एक. हा वाकडाय. नुसता वाकडा नाही, बाकीच्यांची शोभा घालवतो. सगळे इतके नेटके, आणि हा मध्येच धडपडल्यासारखा. याच बाईंनी केलाय का? वाटत नाही. हा काढून दुसरा लावलात तर मी लगेच घेईन.”

आतून पातेल्याचं झाकण गडगडत गेल्याचा आवाज आला.

“मांजर,” भाभी म्हणाल्या, आणि श्वास सोडला.

शैलाताई म्हणाल्या, “बदलते. तुझ्याच रुखवतात येईल ही. ज्यांची ऑर्डर आहे ती माणसं समजूतदार आहेत. मी बोलते त्यांच्याशी.”

श्रुतिका गेल्यावर आण्णा बाहेर आले. ते भिंतीपाशी गेले, पहिला तारा त्यांनी दोन बोटांनी धरून सोडवला. फ्लॅनेलवरून तो निघताना बारीक चर्र असा आवाज झाला.

“ऐकलंत?” शैलाताईंनी हळूच विचारलं.

“ऐकलं की. डोळा आहे म्हणाली.” त्यांनी ताऱ्याची घडी घातली, मग आणखी एक घातली. “आणि हेही ऐकलं. खरं बोलली पोरगी. पहिल्यांदा.”

“वाईट वाटलं?” मी विचारलं.

“वाटलं. पण त्यासाठीच तर एवढी योगासनं केली.”

त्यांनी घडी चिंध्यांच्या टोपलीत टाकली आणि नवं कापड मॅटवर घेतलं. दुपारपर्यंत नवा तारा तयार झाला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. “कोनमापक आणलंस?”

तोवर ते माझ्या पिशवीत कायमचं राहायला आलं होतं. मी कोपरा मोजला. “नव्वद.”

“चारी बाजू बघ.”

“नव्वद, नव्वद, नव्वद, आण्णा.”

ते मान हलवून हसले. चटई गुंडाळून लवकर घरी गेले. त्या दिवशी आवरायची पाळी माझी होती.

पुढचे दिवस धावपळीचे होते. वरचे तारे, मधला कापूस आणि खालचं कापड असे तीन थर एकावर एक घालून ते मशीनवर आरपार शिवायचे. शिवता शिवता अख्खी गोधडी मशीनच्या त्या एवढ्याशा बोळातून पुढं सरकवायची. आण्णा मशीनवर बसायचे, भाभी आणि मी दोन बाजूंनी धरायचो.

“डावीकडं! डावीकडं घ्या भाभी!”

“घेते हो, म्हैस आहे का ही वळायला?”

आण्णांच्या शिवणी इतक्या सरळ येत होत्या की मी पट्टी लावणं सोडून दिलं. मशीनचा खडखडाट सुरू झाला की ते गप्प आणि निवांत व्हायचे. त्या आवाजातच ते लहानाचे मोठे झाले होते.

शेवटी वाद झाला तो नावावरून. शैलाताईंचा नियम होता की वर्गातली गोधडी नावाशिवाय बाहेर जाणार नाही. मागच्या कोपऱ्यात छोटा तुकडा शिवायचा, त्यावर कुणी शिवली आणि कुणासाठी ते लिहायचं.

“नाव नको,” आण्णा म्हणाले.

“आता कशाला लपवताय? तिनं खरं काय ते सांगितलं की तुम्हाला.”

“सांगितलं म्हणूनच नको. आता कळलं तर बिचारीला चार दिवस झोप यायची नाही, आण्णांना वाकडं म्हणाले म्हणून. लग्न आहे तिचं. माझं काम झालं. गोधडी कुठं चाललीय ते मला माहीत आहे, तेवढं बास.”

“मग मी माझंही नाव घालणार नाही,” शैलाताई म्हणाल्या. “खोटं होईल.”

“मग कोरं ठेवा.”

शैलाताईंनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “रेवती, कडेची पट्टी हातानं टाचायची राहिलीय. तू आणि भाभी तेवढं करून टाका. आणि नाव घालायचं नाही. ऐकलंस ना?”

“ऐकलं,” मी म्हणाले.

लग्न जयसिंगपूर रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. रुखवताचं टेबल मांडवाच्या डाव्या अंगाला. साखरेचा बंगला होता, त्याच्या दारात साखरेची कार होती. नारळाचे नवरा-नवरी होते. नवऱ्याची मिशी जरा सुटली होती. आणि टेबलाच्या मधोमध, घडी घालून नाही, पूर्ण पसरून, आण्णांची गोधडी. बायका थांबून थांबून बघत होत्या.

नवऱ्या मुलाच्या आई आल्या. त्यांनी बंगल्याकडं बघितलं न बघितलं आणि गोधडीवर हात ठेवला. “हे कुणाचं काम?”

“आमच्याकडं एक शैलाताई आहेत, त्यांच्याकडून घेतली,” सुवर्णाकाकू म्हणाल्या. “श्रुतिकानंच पसंत केली.”

“मागून दाखवा बघू. काम मागून कळतं.”

भाभींनी माझा दंड धरला. त्यांचं बोट रुतलं ते मला अजून आठवतंय.

दोघीतिघींनी मिळून गोधडी उलटी केली. कोऱ्या, सायीच्या रंगाच्या कापडावर शिवणींच्या सरळ रेघा, आणि खालच्या कोपऱ्यात तळहाताहून जरा मोठ्या चौकटीत एक तारा. डावीकडं झुकलेला, दोन टोकं हरवलेला.

“अगंबाई! हे काय?” सुवर्णाकाकू लाजल्या. “सांगितलं होतं त्यांना, तो वाकडा काढा म्हणून. काढून मागं लावला?”

श्रुतिका शालू सावरत जवळ आली आणि तारा बघून आधी हसलीच. “खरंच की, तोच आहे!” मग ती वाकली. ताऱ्याच्या चारी बाजूंना मी बोटभर रुंदीच्या पट्ट्या लावल्या होत्या. त्या पट्ट्यांतून दोन निळे धागे शेजारी शेजारी फिरले होते.

तिनं त्या धाग्यांवरून बोट फिरवलं. एक बाजू, दुसरी बाजू, तिसरी. ज्या घरात ती वाढली होती तिथं चादरीपासून चहा गाळायच्या फडक्यापर्यंत सगळ्याला हाच काठ होता.

“आण्णा कुठं आहेत?” तिनं विचारलं.

कुणीतरी त्यांना आणलं. फेटा कपाळावर घसरला होता, हातात वाढप्याला द्यायची केळीची पानं होती. उलटी गोधडी दिसताच ते जागीच थांबले.

“आण्णा, सकाळी कुठं जात होता तुम्ही?”

“कधी?”

“दोन महिने. योगाला.”

“हां. योगाला.”

“एक आसन करून दाखवा.”

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी नारळाच्या नवऱ्याची मिशी नीट बसवायला घेतली.

“आत्ता गुडघा धरलाय,” आण्णा म्हणाले.

“जांभळी चटई तुमची होती! आणि मांजर?”

भाभी म्हणाल्या, “मांजर आमचं नव्हतं, बेटा. ते तुमच्याकडचंच.”

सगळ्यांच्या आधी सुवर्णाकाकूंना हसू फुटलं. “अहो, पोट उतरलंय म्हणाले होते मी तुम्हाला!”

श्रुतिका हसत नव्हती. “मी म्हणाले, बाकीच्यांची शोभा घालवतो.”

“घालवतच होता. रेवतीनं मोजलाय. पंच्याऐंशी अंश.”

“सत्त्याऐंशी,” मी म्हणाले. कोनमापकानं मोजला होता.

श्रुतिकानं पुन्हा त्या ताऱ्याकडं बघितलं. आम्ही सगळे वाट बघत होतो, आता ती म्हणेल, खरंतर छानच आहे. आण्णाही वाट बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना तेच नको होतं.

“वाकडाच आहे, आण्णा,” ती म्हणाली.

आण्णांचा चेहरा असा उजळला की केळीची पानं हातातून सुटली.

“वाकडाच आहे,” तिनं पुन्हा म्हटलं आणि गोधडीची कड सरळ केली. “आणि हीच बाजू वर ठेवायची. कुणी हात लावायचा नाही.”

म्हणून मग त्या लग्नात, सगळे नेटके तारे टेबलाच्या बाजूला तोंड करून, खाली झाकलेले राहिले. आणि कोरं कापड वर, त्याच्या कोपऱ्यात एकटा वाकडा तारा.

पंगतीच्या आधी आण्णांनी मला गाठलं. “नाव घालायचं नाही म्हटलं होतं.”

“घातलं कुठं?”

त्यांनी विचार केला. “तेही खरं. पण टोपलीतून काढलास कशाला?”

आता मी मोजमापांच्याच प्रयोगशाळेत काम करते, आणि नव्या मुलांना मी तेच सांगते जे त्या दिवशी आण्णांना सांगितलं. आमच्या सरांनी ते मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. चुकलेलं रीडिंग रबरानं खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. वर एक रेघ मारायची, पण खाली ते वाचता आलं पाहिजे.

“हं,” आण्णा म्हणाले. “पण तू रेघ नाही मारलीस. चौकट केलीस.”

तेवढ्यात टपरीवरचे आप्पा आडमुठे टेबलापाशी आले. मागवाल्यांच्या अड्ड्यातला सगळ्यात तिखट जिभेचा माणूस. आण्णा ताठ झाले.

“जयपाल, गोधडी उलटी पडलीय रे तुमची.”

“नाही. सुलटीच आहे.”

आप्पांनी वाकून चष्म्याच्या खालून बघितलं. कापड दोन बोटांत धरून चोळलं, चौकटीतले निळे धागे बघितले. मधल्या ताऱ्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

“अरे, हे तर तुझं कापड.”

“होय.”

“कुठं चाललंय?” आप्पांनी सवयीनं विचारलं, मागवाला मागवाल्याला विचारतो तसं.

आण्णांनी फेटा नीट बसवला.

“नाशिकला,” ते म्हणाले. “गंगापूर रोड. दुसरा मजला, पूर्वेची खोली. थंडी असते तिकडं.”